रक्ताची साक्ष आणि जमातीचा दाखला

प्रति,
माननीय आयुक्त,
आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, पुणे

माननीय आयुक्त महोदय,

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेला दोन वर्षे पूर्ण होताच, 1 मे 1962 रोजी, ज्या संस्थेची पुण्यात प्रतिष्ठापना झाली तिच्या नावात संशोधनाला अग्रस्थान आहे. परंतु ठाणे जिल्ह्यातील एखाद्या कातकरी वा ठाकूर कुटुंबाला ती संस्था माहीत असते ती संशोधनामुळे नव्हे, तर तिच्या देखरेखीखाली चालणाऱ्या अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समित्यांमुळे. ज्ञान मिळविणे आणि निवाडा देणे ही दोन अत्यंत भिन्न कार्ये अशा रीतीने एकाच छपराखाली नांदत असल्यामुळे एका दालनातील साधन दुसऱ्या दालनात नकळत वापरले जाण्याचा संभव नेहमीच असतो, आणि हे पत्र मी त्या संभवाविषयीच लिहीत आहे. गेल्या दोन दशकांत मानवी जनुकांच्या अभ्यासाने भारतीय जमातींच्या परस्पर नात्यांविषयी आणि पूर्वपीठिकेविषयी जे अपूर्व ज्ञान आपल्या हाती दिले आहे, त्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. आणि त्या आदरापोटीच आपणांस माझी विनंती आहे की, एखादा इसम अमुक जमातीचा आहे की नाही याचा निवाडा करण्यासाठी त्या ज्ञानाला समितीच्या दप्तरात कधीही बोलावू नये, आणि ज्यांच्या रक्तातून ते निघाले त्यांच्या पाड्यावर मात्र ते अगत्याने पोचते करावे.

हा विषय दिव्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या, महसूल खात्यातील कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला का सुचावा, हे सांगणे अवश्य आहे. मुंब्रा आणि डोंबिवली यांच्या दरम्यानचे, पनवेल व वसई या दोन्ही दिशांना फाटे फोडणारे हे जंक्शन आज चाळींनी आणि इमारतींनी गजबजून गेले असले, तरी दिवा, साबे, दातिवली, आगासन, म्हातार्डी ही मूळची आगरी-कोळ्यांची, भातखाचरांची आणि खाडीची गावे होत. दिवाळी उरकली की खाडीकाठच्या, भिवंडीकडच्या आणि कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर शहापूर-मुरबाडची आणि कर्जत-पेणची कातकरी कुटुंबे, पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी, बायकामुलांसह येऊन राहतात आणि मृगापूर्वी परत जातात. काही मात्र परत जातच नाहीत, कारण जिथे परत जावे ती झोपडीखालची जागाही त्यांच्या नावावर नसते. माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यासाठी येणाऱ्यांत अशा कुटुंबांतील तरुण आता दिसू लागले आहेत, ही या काळातली एक मोठी समाधानाची गोष्ट आहे.

त्यांपैकी एकाची कागदपत्रे मी अलीकडेच लावून दिली. मुलगा बारावी झालेला; बाप शाळेची पायरी न चढलेला, म्हणून बापाचा शाळा सोडल्याचा दाखला असण्याचे कारणच नाही; सबब सारी भिस्त आजोबांवर. आजोबांच्या जन्माची नोंद गाव नमुना 14 मध्ये, कोतवालाने सांगितलेल्या आणि पाटलाने टिपलेल्या त्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, मोठ्या खटपटीने सापडली. शाई फिकी पडून तपकिरी झालेली, कागदाच्या कडा झडलेल्या, तरी जातीचा रकाना स्वच्छ वाचता येत होता. पण त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे नोंदीत बाळाचे नावच नाही. बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’, एवढाच मजकूर. तो ‘मुलगा’ म्हणजेच याचा आजा, हे कोणी आणि कसे सिद्ध करायचे? प्रतिज्ञापत्रासाठी वंशावळीचा तक्ता मी आखीत असताना तो तरुण बराच वेळ स्तब्ध बसला, आणि मग म्हणाला, “भाऊसाहेब, या कागदापरीस रगत तपासून नाय का होनार?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्याच्या घरात तीन पिढ्या कागदच शिरला नाही, त्याला आपल्या देहातच काही अकाट्य पुरावा असावा असे वाटणे अत्यंत स्वाभाविक आहे. खोट्या दाखल्यांवर आपल्या वाट्याच्या जागा बळकावल्या गेल्याचे पाहून संतापलेल्या आदिवासी कार्यकर्त्यांच्या तोंडूनही मी हाच प्रश्न ऐकला आहे, आणि त्यांचा संताप तर सर्वस्वी न्याय्य आहे. खोट्या दाव्यावर मिळविलेले लाभ काढून घेतले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली निःसंदिग्धपणे बजावले ते उगीच नव्हे. एका बाजूला कागदावाचून अडलेला खरा अर्जदार आणि दुसऱ्या बाजूला कागद जुळवून आलेला खोटा अर्जदार, अशा पेचात सापडलेल्या समितीला एखाद्या दिवशी प्रयोगशाळेचा मोह पडेल, ही भीती म्हणूनच मला निराधार वाटत नाही.

या पेचाचा इतिहास आपणांस माझ्यापेक्षा अधिक ज्ञात आहे. राष्ट्रपतींचा पहिला आदेश 6 सप्टेंबर 1950 चा. त्यातील आणि पुढील यादीतील तालुकानिहाय क्षेत्रबंधने 1976 च्या कायद्याने उठली आणि तेव्हापासून दाव्यांची संख्या वाढत गेली. 1994 साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्यांची आणि दक्षता पथकांची चौकट घालून दिली, आणि महाराष्ट्राने 2000 साली विधिमंडळात कायदा करून तिला पक्के रूप दिले. त्या चौकटीत आप्तभाव चाचणी आली: अर्जदाराला देवदेवक, लग्नविधी, मर्तिकाचे संस्कार, बोली यांविषयी प्रश्न विचारून तो त्या जमातीशी खरोखर संलग्न आहे की नाही हे पाहणे. वारल्यांच्या लग्नातील धवलेरी किंवा ठाकरांचा कांबड नाच ज्याने डोळ्यांनी पाहिलाच नाही, जो दिव्याच्या चाळीत जन्मला आणि मराठी शाळेत शिकला, तो या परीक्षेत अडखळणारच. सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण ओळखली, आणि 24 मार्च 2023 च्या निकालपत्रात, ठाकूर जमातीच्याच प्रकरणात, आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे आणि ती प्रत्येक प्रकरणात अनिवार्यही नव्हे, असे स्पष्ट केले. राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांना सर्वाधिक वजन दिले. आता, कागद नाहीत आणि आप्तभावही निर्णायक नाही, अशा अवस्थेत तिसरी कसोटी रक्ताची असावी असे कोणास वाटले, तर त्याला उत्तर काय द्यावे?

उत्तर द्यायचे तर जनुकशास्त्राने आजवर काय सांगितले, हेच प्रथम नीट पाहिले पाहिजे; आणि त्या शास्त्राने सांगितलेली कहाणी इतकी भव्य आहे की ती सांगताना प्रकरणाचा मूळ मुद्दा क्षणभर बाजूला राहिला तरी मला त्याचा खेद नाही.

हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंचवीस भारतीय समाजगटांचे जनुकीय नमुने तपासले गेले. भारतीय मुख्यभूमीवरील बहुतेक सर्व गट दोन प्राचीन पूर्वजप्रवाहांच्या मिश्रणातून घडले आहेत, आणि त्यांतील उत्तरेकडील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवाहाचा वाटा गटागटांत 39 ते 71 टक्क्यांच्या दरम्यान आहे, असे त्यात दिसून आले. या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. शून्य कोठेही नाही आणि शंभर कोठेही नाही. आदिवासी म्हणून ज्यांना आपण निराळे मानतो ते आणि ज्यांना जात म्हणतो ते, हे दोन वेगळे मानववंश नसून एकाच मिश्रणाच्या निरनिराळ्या मात्रा होत. पुढे 2013 साली त्याच वर्तुळातील संशोधकांनी या मिश्रणाचा काळ मोजला, तो आजपासून सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीचा निघाला. आणि डोंगरात एकाकी राहिले असे ज्यांच्याविषयी पिढ्यानपिढ्या समजले गेले, त्या भिल्लांतही त्या मिश्रणाच्या खुणा सापडल्या. म्हणजे दोनेक हजार वर्षे लोक एकमेकांत मिसळत होते, आणि त्यानंतर रोटीबेटीच्या भिंती उभ्या राहिल्या. या भिंती अनादि नाहीत. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत आणि ग्रीक नावाड्यांच्या वर्णनात कल्याण बंदर येते, तो काळ नेमका याच मिसळणीच्या अखेरच्या पर्वात पडतो. आमच्या या खाडीच्या काठाने त्या वेळी कोणकोणाचे वंश एकत्र झाले असतील, याची कल्पना करताना मन थरारून जाते.

त्याहूनही मागे गेल्यास मातृरेषा दिसते. आईकडून मुलांना, आणि मुलींकडून पुढे, असा अखंड उतरत जाणारा तंतुकणिकांतील डीएनए पाहिला, तर भारतातील निम्म्याहून अधिक लोक आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या आद्य मानवांच्या एकाच विशाल शाखेचे वारस ठरतात, आणि आदिवासी गटांत त्या शाखेचे प्रमाण सामान्यतः अधिकच असते. मेळघाटातील कोरकूंची गोष्ट याहून निराळी आणि अधिक विस्मयकारक आहे: त्यांची भाषा मुंडा कुळातली, आणि मुंडा भाषकांच्या पितृरेषांत आग्नेय आशियातून आलेली एक शाखा ठळकपणे दिसते, तर मातृरेषा मात्र भारतभूमीच्याच आहेत, दूरवरून आलेले पुरुष आणि येथल्या स्त्रिया यांच्या संसारातून ते समाज उभे राहिले असावेत, असे अनुमान त्यावरून निघते. गोंडांच्या बाबतीत तर भाषा एक सांगते आणि रक्त दुसरेच: गोंडी द्राविड कुळातील भाषा असूनही, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार, गोंडांची जनुकीय जवळीक इतर द्राविड भाषकांपेक्षा शेजारच्या मुंडा भाषकांशी अधिक आहे. भाषा बदलते, लोक राहतात. क्वचित लोक बदलतात, भाषा राहते. गोंडी, कोरकू, माडिया, भिल्ली असा नुसता बोलींवरून जमातींचा नकाशा काढणाऱ्या आपल्या जुन्या पद्धतीला हे मोठेच आव्हान आहे, आणि ते आपल्या संस्थेने स्वतःहून स्वीकारावे असे मला मनापासून वाटते.

सिकलसेलच्या अभ्यासाने तर एका दुःखद मार्गाने हीच नाती उघड केली. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला की तांबडी पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराची होते. ज्याच्याकडे असे एकच जनुक आहे त्याला हिवतापापासून काही संरक्षण मिळते, आणि ज्याच्याकडे आई व बाप दोघांकडून ते आले त्याला आयुष्यभराचे दुखणे. भारतात हा दोष प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. पुढे दिसून आले की, भारतातील निरनिराळ्या, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या आणि शेकडो मैलांच्या अंतरावर राहणाऱ्या आदिवासी गटांत हा दोष एकाच जनुकीय पार्श्वभूमीवर वसलेला आहे, आणि तीच पार्श्वभूमी पूर्व सौदी अरबस्तानातही सापडते. आफ्रिकेतील पार्श्वभूमी मात्र निराळी. म्हणजे तो बदल कधीकाळी एका कोणा पूर्वजात झाला आणि तेथून फिरत फिरत या साऱ्या समाजांत पसरला. 1989 च्या एका शोधनिबंधाने त्यावरून आणखी एक पाऊल पुढे टाकून, भारतातील आदिवासींचे मूळही एकच असावे, असे सुचविले. माझ्या अल्पमतीला हे पाऊल घाईचे वाटते. एखादा जनुकबदल लग्नसंबंधांतून एका समाजातून दुसऱ्यात जाऊ शकतो, आणि हिवतापाच्या प्रदेशात तो टिकून वाढतो. जनुकाचा उगम एक असला म्हणून ते जनुक धारण करणाऱ्या सर्व समाजांचा उगम एक असलाच पाहिजे असे नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या सर्व ज्ञानाचा विषय समाज आहे, व्यक्ती नव्हे. कातकऱ्यांत अमुक जनुकाचे प्रमाण इतके आणि ठाकरांत तितके, असे ते सांगू शकते. कातकऱ्यांत असते आणि इतर कोणातही नसते, असे एकही जनुक कोणास सापडलेले नाही, आणि वरील इतिहास पाहता ते सापडण्याचे कारणही नाही. दिव्याच्या खाडीतील ओंजळभर पाणी घेऊन त्यात काळूचे, भातसेचे आणि उल्हासचे पाणी किती असावे याचा अदमास कोणी जाणता बांधू शकेल. परंतु त्यातला एक थेंब बोटावर घेऊन हा काळूचाच, असे शपथेवर सांगणारा माणूस साक्षीदार म्हणून उभा करता येणार नाही. पश्चिम-मध्य भारतातील जमातींवरील 2006 च्या एका अभ्यासाने जनुकीय जवळीक घडविण्यात भाषा आणि भूगोल या दोहोंचाही हात असल्याचे दाखविले. म्हणजे शेजारी राहणारे निरनिराळे समाज परस्परांजवळ येतात, आणि एकाच नावाचे, पण दूर राहणारे गट एकमेकांपासून दुरावतात. ठाणे-रायगडातच पाहावे: ल. ना. चापेकरांच्या 1960 च्या ग्रंथात ज्यांचे सविस्तर वर्णन आहे त्या ठाकरांत ‘क’ आणि ‘म’ असे दोन पोटभाग, कातकऱ्यांत सोन आणि ढोर असे दोन, आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. लहान गट पिढ्यान् पिढ्या आपसांतच लग्ने करीत राहिला की, कोणतेही वेगळे मूळ नसताना, केवळ योगायोगाने त्याची जनुके निराळी दिसू लागतात. दक्षिण आशियातील 263 गटांच्या 2017 च्या पाहणीत 81 गटांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपीय ज्यूंपेक्षाही तीव्र आढळला, आणि त्यांत जमातींबरोबर मोठमोठ्या जातीही होत्या. अशा स्थितीत प्रयोगशाळेच्या मापाने सोन कातकरी खरा आणि ढोर कातकरी खोटा ठरला, तर त्या मापालाच दोष द्यावा लागेल.

व्यक्तीच्या वंशावळीचे गणितही रक्ताच्या विरुद्ध जाते. दहा पिढ्या मागे, म्हणजे ढोबळमानाने पेशवाईच्या आरंभकाळी, प्रत्येकाचे 1024 पूर्वज असतात (काही नावे पुनःपुन्हा येत असली तरी). मातृरेषा त्यांपैकी केवळ एका स्त्रीचा पत्ता देते आणि पितृरेषा केवळ एका पुरुषाचा. उरलेल्यांपैकी कित्येकांकडून आलेला डीएनएचा एकही तुकडा आज आपल्या देहात नसतो. ते पूर्वज म्हणून खोटे होते काय? ज्या आजीने त्या तरुणाच्या बापाला पाठीशी बांधून भट्टीवर विटा वाहिल्या, तिच्या आजीच्या आजीचा अंश जनुकांच्या वाटपात गळून गेला असला, तरी कातकरीपणाचा वारसा तिच्याकडून पुढे आला तो आलाच.

कायदा या बाबतीत प्रयोगशाळेपेक्षा शहाणा आहे. आई आदिवासी व बाप बिगरआदिवासी अशा अपत्याच्या जमातीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर 2012 साली गुजरातमधील रमेशभाई नायका प्रकरणात आला, तेव्हा न्यायालयाने बापाची जात हा एक अनुमानाचा भाग मानला, पण तो खोडून काढता येतो असे ठरविले, आणि मूल कोणत्या समाजात वाढले, त्या समाजाने त्याला आपले मानले काय, त्याच्या वाट्याला तीच अवहेलना आणि तेच दारिद्र्य आले काय, हे पाहावयास सांगितले. जमात म्हणजे वाढवणूक, स्वीकार, सोसलेले दुःख. यांतली कोणतीही गोष्ट नळीत भरून प्रयोगशाळेत पाठवता येत नाही. अनुसूचित जमातींच्या यादीसाठी निकष सुचविणाऱ्या 1965 च्या लोकूर समितीनेही पृथक संस्कृती, भौगोलिक एकांत, संपर्काचा संकोच, मागासलेपणा असे निकष घातले. त्यांतले काही शब्द आज कानाला कठोर लागतात, परंतु रक्ताचा उल्लेख त्यांत नाही.

रक्ताच्या आणि कवटीच्या मापांनी माणसांची प्रतवारी लावण्याचा मोह किती दूर नेतो, हे महाराष्ट्राला शिकवायला बाहेरचा कोणी नको. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकावयास गेल्या, तेव्हा युरोपीय कवटीची ठेवण श्रेष्ठ बुद्धीची निदर्शक आहे, या गुरूच्या गृहीतकाची परीक्षा त्यांच्याकडे सोपविण्यात आली. त्यांनी मोजमापे केली, आणि ते गृहीतक टिकत नाही असा निष्कर्ष, गुरूची नाराजी पत्करून, लिहून दिला. पुढे जर्मनीत त्या विद्येचे काय झाले हे जगाला ठाऊक आहे. डेक्कन कॉलेजात येऊन इरावतीबाईंनी मोजमापे सोडली नाहीत. उलट महाराष्ट्रभर हिंडून ती वाढविली, आणि 1968 साली कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह ब्राह्मणांतील आठ अंतर्विवाही गटांची तुलना करून, सामाजिक पायरी एक असली म्हणून उत्पत्ती एक असते असे नाही, हे दाखवून दिले. माप घ्यावे, पण मापाला माणसाचा न्यायाधीश करू नये, हा त्यांचा वारसा आपल्या संस्थेपासून दोन-चार मैलांवर घडलेला आहे. 2022 साली केंद्रीय संस्कृती मंत्रालय भारतीय वंशांची शुद्धता तपासण्यासाठी जनुकीय साधने घेत असल्याची बातमी आली, तेव्हा मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी असल्याचे सांगितले. तरीही शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि विद्वानांनी जाहीर पत्र लिहून शुद्ध वंश ही कल्पनाच निराधार असल्याचे बजावले, ते मला अत्यंत उचित वाटले.

निवाड्याचे झाले. आता ऋणाविषयी.

अमेरिकेत ॲरिझोनामधील हवासुपाई या छोट्या जमातीने 1990 च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून आपले रक्त राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना दिले. पुढे त्याच रक्तावर मनोविकारांचा आणि त्या जमातीच्या पूर्वजांच्या स्थलांतराचा अभ्यास झाल्याचे त्यांच्या कानी आले, तेव्हा त्यांनी दाद मागितली. 2010 साली विद्यापीठाने सात लाख डॉलर भरपाई दिली आणि उरलेले रक्त जमातीच्या हवाली केले. आमचे पूर्वज या दरीतच जन्मले असे ज्या समाजाचे पुराण सांगते, त्याला न विचारता त्याच्या रक्तातून दुसरी कथा वाचून दाखविणे हा केवळ नियमभंग नव्हता. तो विश्वासघात होता. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी त्यापुढचे पाऊल टाकून 2017 साली संशोधकांसाठी आपली स्वतःची आचारसंहिता प्रसिद्ध केली. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गट. त्यांतील कातकऱ्यांची गणती 2011 च्या शिरगणतीत अडीच लाखांहून अधिक होती. त्यांची अशी आचारसंहिता असू नये काय? आणि ती तयार करण्यासाठी त्यांना एकत्र बसविण्याचे काम आपल्या संस्थेखेरीज कोण करील?

देशभरातून निरनिराळ्या समाजांतील सुमारे दहा हजार लोकांचे संपूर्ण जनुकसंच वाचण्याचा जीनोम इंडिया प्रकल्प आता पूर्ण झाला असून त्याची माहिती 2025 च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली. हे काम मोठे आहे आणि त्याचे फळ आदिवासींनाच सर्वांत अधिक मिळू शकते. आंध्रातील वैश्य समाजात एक विशिष्ट जनुकदोष इतरांपेक्षा अधिक आढळतो, आणि तो असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे एक नेहमीचे औषध दिले तर श्वास दीर्घकाळ बंद पडू शकतो. हे ज्ञात असल्यामुळे भूलतज्ज्ञ आधी विचारून घेतात. अंतर्विवाहाने निरनिराळ्या झालेल्या आपल्या प्रत्येक छोट्या जमातीत असे काही दडलेले असू शकते, आणि ते तिला कळणे हा तिचा हक्क आहे.

हक्काची ही गोष्ट सिकलसेलच्या तपासणीत अगदी साध्या रूपाने दिसते. ती तपासणी मी जवळून पाहिली आहे. बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब छोट्या नळीतील द्रावणात सोडतात, आणि काही मिनिटांनी नळीमागे रेघा आखलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर भय नाही, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढील तपासणी करावयाची. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही त्या रेघा पाहता येतात. 1 जुलै 2023 रोजी मध्यप्रदेशात शहडोल येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा आणि 2047 पर्यंत हा आजार निर्मूल करण्याचा संकल्प आहे. नळी त्या आईच्या डोळ्यांसमोर धरून तिला समजावले, तर लग्न जुळविताना काय पाहावे हे ती आयुष्यभर विसरणार नाही. नळी पेटीत ठेवून निघून गेले, तर रक्त घेतले आणि सांगितले काहीच नाही, एवढेच तिच्या ध्यानात राहील. पूर्वजांच्या संशोधनालाही हाच नियम लागू आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या अधिकारातील समित्यांना लेखी परिपत्रकाने कळवावे की जनुकीय अहवाल, तो अर्जदाराने स्वतः आणून दिला असला तरी, जमातीच्या दाव्याच्या बाजूने वा विरुद्ध पुरावा म्हणून दाखल करून घेऊ नये. आज कोणी तो मागत नसेल, तर परिपत्रक काढण्याची वेळ आजच आहे, कारण एकदा वहिवाट पडली की ती मोडणे कठीण जाते. कागद नसलेल्या अर्जदारासाठी खरी वाट जुन्या दप्तरांतून जाते. ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांतील तहसील कचेऱ्यांत पडून असलेले 14 नंबरचे नमुने झडून नाहीसे होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून, गाववार सूची करून ती तलाठ्याच्या आणि समितीच्या हाती दिली, आणि ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढ्याच नोंदींची बापाच्या नावावरून जुळणी करून दिली, तर त्या एका कामाने जितक्या खऱ्या कातकऱ्यांना दाखले मिळतील तितके कोणत्याही रक्ताच्या चाचणीने मिळणार नाहीत. या कामासाठी माझ्यासारखे निवृत्त कारकून, मोडी व जुनी मराठी अक्षरे वाचण्याची सवय असलेले, जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बोलावणे आल्यास आम्ही येऊ.

आणि जमातींच्या रक्ताचे नमुने ज्या ज्या संशोधनासाठी महाराष्ट्रात घेतले गेले व पुढे घेतले जातील, त्यांची एक नोंदवही आपल्या संस्थेत असावी: कोणी घेतले, कोणत्या पाड्यावर, कशासाठी, आणि निष्कर्ष त्या पाड्यावर कोणत्या बोलीत व कोणत्या दिवशी सांगितला. शेवटचा रकाना रिकामा असेल त्या संशोधकाला पुढील परवानगी मिळू नये. हे सांगणे कातकरी बोलीत, वारलीत, ठाकरीत व्हावे, आणि ते त्या बोलीतल्या शिकलेल्या मुलांकडूनच करून घ्यावे. एवढे मात्र ध्यानात असू द्यावे की, कार्तिकापासून वैशाखापर्यंत शहापूर-मुरबाडच्या कातकरवाड्या ओस असतात. म्हातारी माणसे तेवढी मागे राहतात. पथके त्या महिन्यांत वाडीवर गेली तर कुलूप नसलेल्या रिकाम्या झोपड्या पाहून परततील. त्यांना भट्ट्यांवर पाठवावे, दिव्याला, खारबावला, कल्याणच्या वेशीवर, संध्याकाळी काम सुटल्यानंतर. भट्टीचा मालक आधी कुरकुरेल, पण तहसीलदारांचे पत्र सोबत असले म्हणजे अडविणार नाही.

आपला विश्वासू,
दिव्यातील एक रहिवासी
दिवा (पूर्व), जिल्हा ठाणे